चालणाऱ्या माणसाला तळं कशाला?

कलेच्या देवळात मोठ्यानं बोलायचं नसतं म्हणे. का नसतं?

डेन्मार्कमध्ये हुमलेबेकला लुईझियाना म्युझियम आहे, १९५८ साली उघडलेलं. तिथं अल्बर्टो जाकोमेत्ती या स्विस शिल्पकाराची ब्राँझची माणसं एका उंच खोलीत मांडलीत. भिंतभर काच, काचेपलीकडं तळं, झाडं, पाण्यावरचा उजेड. त्यांच्यातच १९६० चा 'चालणारा माणूस'. पुरुषभर उंच, काडीसारखा. अशा खोलीत शिरलं की आवाज आपोआप उतरतो, मान कलते, आणि तोंडातून ठरलेलं वाक्य पडतं : काय हे मानवाचं एकाकीपण!

साफ झूट. यातलं निम्मं एकाकीपण त्या तळ्याचं आहे.

हा माणूस तळ्यासाठी घडलाच नव्हता. न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेपुढच्या चौकासाठी जाकोमेत्तीनं तो करायला घेतला. सोबत एक उंच बाई, एक मोठं डोकं. चौकातल्या गर्दीतून चालायचं होतं त्याला. पुढं जाकोमेत्तीनंच ते काम सोडलं. माणूस मात्र उरला. २०१० साली त्याची एक प्रत लंडनच्या लिलावात साडेसहा कोटी पौंडांना गेली. बँकेच्या दारात उभा राहिला नाही, पण बँकेच्या हिशेबात मोजला गेलाच.

१९४८ साली सार्त्रनं जाकोमेत्तीवर लिहिलं. काय लिहिलं ते वाचायची तसदी कोण घेतो? 'अस्तित्ववाद' एवढा शिक्का उचलला आणि मारला प्रत्येक पाठीवर, की पांढरपेशांचं रसग्रहण संपलं!

दोस्तांनो, तळ्याकडं पाठ करा. फोटोत बघत असाल तर काच हातानं झाका. आता पाय बघा. अंगाच्या मानानं केवढे जड! तरी पाऊल पुढं पडलंय. अंगभर बोटांचे ठसे, ओरखडे. पॅरिसच्या एका कळकट, जेमतेम तेवीस चौरस मीटरच्या स्टुडिओत हा गडी १९२६ पासून चाळीस वर्षं माती-प्लास्टरशी झुंजला. रात्र-रात्र. करायचं, मोडायचं, पुन्हा करायचं. ही सगळी मेहनत त्या अंगावर उघडी पडलीय. तळ्यापुढं ती दिसत नाही, नुसती काळी आकृती दिसते.

वातावरण म्हणजे काय? आपल्याला काय वाटावं हे आधीच ठरवून ठेवलेली खोली. गहिवर आला, काम भागलं, कॉफी प्यायला मोकळे.

त्याला आपला गहिवर नकोय. तो निघालाय. कुठं निघालाय ते विचारा, आणि मोठ्यानं विचारा.