राज्य कुणावर?

दिवे मालवल्यावर आमच्या डॉर्मिटरीत दहा-पंधरा मिनिटं कुजबुज चालते. त्या वेळात परेडवर कुणी बोलत नाही, परीक्षेवर तर नाहीच. सगळे बोलतात घराबद्दल. "मला घरची आठवण येते" असं म्हणायला कुणी धजत नाही, म्हणून प्रत्येक जण घरचा एखादा विनोदी किस्सा सांगतो. बाकीचे हसतात आणि सांगणारा चार मिनिटं घरी जाऊन येतो. यात गैर काहीच नाही. पण गेल्या वर्षी या खेळात माझी एक चूक झाली. त्यावरून माझं जे मत बनलं, ते आज या पानावर मांडतो.

आधी माझ्या घराविषयी. आम्ही सातारा जिल्ह्यातले. बाबा फौजेत हवालदार आहेत. ते सुट्टीवर आले की दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे एका ओळीत लावतात. गेल्या मे महिन्यात आईने फोडणीला तेल तापवलं आणि मोहरीचा डबा सापडेना. तेलाचा धूर व्हायला लागला तशी ती ओरडली, "अहो हवालदारसाहेब, मोहरीचं पोस्टिंग कुठे झालं?"

मीही काही कमी नाही. सुट्टीत पहाटे पाचला जाग येते आणि हात आपोआप अंथरुणाची घडी घालायला लागतात. एकदा सवयीने मी आजीच्या गोधडीचीही चौकोनी, करकरीत घडी घालून ठेवली. आजी परसदारी जाऊन आली आणि पाहते तर गोधडी गायब. "माझी गोधडी कुठं गेली रं? पोष्टात टाकलीस का काय?" तेव्हापासून घरात माझं नाव 'पोस्टमास्तर' पडलं आहे.

बाबांची सुट्टी संपते त्या दिवशी घरात कुणी रडत नाही. आई म्हणते, "आधी माझे डबे होते तसे ठेवा, मग गाडी पकडा." सगळे हसतात आणि त्या हसण्यातच बाबा पिशवी खांद्यावर टाकतात. मोहरीचा डबा मात्र अजून बाबांनी ठेवलेल्या जागीच आहे. मी विचारलं तर आई म्हणाली, "आता तिथंच हात जातो माझा."

आता माझी चूक. आमची शाळा डोंगरात आहे. पहिल्याच हिवाळ्यात मी गारठलो होतो आणि फोनवर आईला तसं बोलून गेलो. तिने हाऊसमास्तर सरांना फोन केला आणि सांगितलं, "सर, उसको थंडी बजती है." मराठीत थंडी वाजते, मग हिंदीत ती बजणारच! मी शेजारीच उभा होतो. त्या रात्री दिवे गेल्यावर मी आईचा आवाज काढून ते वाक्य म्हटलं. "थंडी बजती है? ती काय घंटा आहे?" म्हणत पोरं लोळली. पुढे महिनाभर रोज सकाळी पीटीच्या फॉल-इनला कुणी ना कुणी ते म्हणायचंच. माझा भाव वधारला.

मग पालक-भेटीचा दिवस आला. आई दीड दिवसाचा प्रवास करून, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन आली. माझ्याच हाऊसचा एक मुलगा वाकून तिच्या पाया पडला आणि हसत म्हणाला, "आंटी, थंडी बजती है क्या?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आईही हसली. पण त्यानंतर दिवसभर ती कुठल्याच सरांशी बोलली नाही. गणिताच्या सरांसमोर गेलो तर तिने मला हळूच कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "तूच विचार."

त्या दोन शब्दांनी मला काय वाटलं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

पुढे मे महिन्यात घरी आत्या आणि मावश्या जमल्या होत्या. तेव्हा तोच किस्सा आईने स्वतः सांगितला. सरांना फोन करण्याआधी तिने चुलीपाशी बसून ते वाक्य तीनदा घोकलं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सगळ्या जणी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आईसुद्धा. मग माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "आणि ह्या पोस्टमास्तरनं तिथं माझं नाटक बसवलं!" सगळ्या माझ्याकडे वळल्या. पुढचा अर्धा तास माझी काही धडगत नव्हती.

विनोद तोच, मग एकदा तो बोचला आणि एकदा रंगला, असं का? लहानपणी आपण लपाछपी खेळतो. त्यात राज्य प्रत्येकावर येतं. एकाच मुलावर सारखं राज्य ठेवलं तर तो रडतो, आणि त्याचं रडणं बरोबर असतं. आमच्या घरात राज्य फिरतं असतं. आज मोहरीवरून बाबांवर, उद्या गोधडीवरून माझ्यावर. डॉर्मिटरीत मी आईवर महिनाभर राज्य ठेवलं आणि ती तर खेळात हजरही नव्हती.

काही मित्र म्हणतात, कॅडेटला चेष्टा सहन करता आली पाहिजे. अगदी मान्य. पण कॅडेटने सहन करायची ती स्वतःची चेष्टा. जी व्यक्ती समोर नाही आणि उलट उत्तर देऊ शकत नाही, तिची चेष्टा करण्यात कसला आला खिलाडूपणा?

चिं. वि. जोशी यांचा चिमणराव आपल्या आजोबांच्या पिढीपासून घराघरांत आहे. जोशी बडोद्याला पाली भाषा शिकवायचे. एवढा विद्वान माणूस, पण लिहिलं ते साध्या मराठी घरातल्या फजितीवर. त्यांच्या गोष्टींत ती फजिती चिमणराव स्वतःच आपल्या तोंडाने सांगतो. तो पहिलं राज्य स्वतःवर घेतो, म्हणून त्याच्या घरातल्या बाकीच्यांवर हसताना आपल्याला संकोच वाटत नाही.

म्हणून मित्रांनो, रात्रीचे किस्से बंद करू नका. ते बंद झाले तर कितीतरी जणांना झोप लागणार नाही. फक्त पहिला किस्सा असा सांगा, ज्यात फजिती तुमची झाली आहे. आणि आईवडिलांचा एखादा किस्सा सांगणार असाल, तर त्यांच्यासमोर तो तसाच सांगता येईल का, हे आधी मनाला विचारा.

पालकांना एक विनंती. तुम्ही इथे याल तेव्हा जशी येते तशी हिंदी बोला. आमचे हाऊसमास्तर केरळचे आहेत. आईचं वाक्य ऐकून डॉर्मिटरी हसली, पण सरांनी दुसऱ्या दिवशी पहाटे मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "स्वेटर कुठे आहे?" तिला जे सांगायचं होतं, ते त्यांच्यापर्यंत नीट पोचलं होतं.

या वर्षीही आई येणार आहे. सरांशी तीच बोलेल. मी दोन पावलं मागे उभा राहीन, आणि स्वेटर आधीच घातलेला असेल.