पिंजरा कुणासाठी?
पिकअपचं इंजिन तगडं केलं की केबिनमध्ये रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी केबिन चेपू नये म्हणून लावलेला नळ्यांचा पिंजरा, बसवायची हौस येतेच, आणि बेळगावात ती भागवणं अवघड नाही; उद्यमबागेत लेथ आणि वेल्डिंगवर बसलेले हात भरपूर. पण हौसेला मोजमाप हवं. शर्यतीच्या गाड्यांसाठी एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा नियम सांगतो : मुख्य कमान एकसंध, बिनजोड पोलादी नळीची, ४५ मिलिमीटर व्यास नि अडीच मिलिमीटर जाडी, किंवा ५० बाय २, आणि नळीचे पाय टेकतात तिथे पत्र्याला किमान १२० चौरस सेंटिमीटरची, ३ मिलिमीटर जाड प्लेट. ही प्लेट नसेल तर गाडी उलटताना पाय पत्रा फाडून खाली घुसतात. खरी गोम मात्र पुढेच आहे. शर्यतीतला चालक हेल्मेट घालून, खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यांनी सीटला जखडलेला असतो. निपाणीजवळचा तवंदी घाट उतरणारा आपला गडी उघड्या डोक्याने बसतो. एरवी जीव वाचला असता अशा धडकेतही त्याचं कानशील त्या नळीवर आदळतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. निर्मात्याच्या मूळ रचनेत असा फेरफार चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये बजावलं. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे केए-२३, पलीकडे एमएच-०९. पाटी बदलते, कायदा नाही. केज हवाच असेल तर गाडी शर्यतीपुरतीच ठेवा. रस्त्यावरच्या गाडीचे पैसे टायर आणि ब्रेकवर घाला, आणि आधीपासून असलेला सीटबेल्ट तेवढा लावा.