पोस्टर लावलं, काम झालं!

जुन्या अमेरिकन ऑफिसांत आणि विद्यापीठांत लागलेली कॉम्प्युटर सुरक्षेची पोस्टर्स बघणं हा माझा सध्याचा टाइमपास. (सबमिशनच्या आठवड्यात का, ते विचारू नका.) त्यातलं सगळ्यात गाजलेलं मिशिगन विद्यापीठाचं. पासवर्ड म्हणजे चड्डी! वारंवार बदला, उघड्यावर टाकू नका, मित्राला देऊ नका. होस्टेलवाल्यांना हे वाचून जास्तच हसू येईल, कारण आपल्याकडे तिन्ही नियम दोन्ही बाबतींत मोडले जातात.

पण दहा-वीस पोस्टर्स पाहिल्यावर मला राग यायला लागला. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने सरकारी खात्यांना कर्मचाऱ्यांना कॉम्प्युटर सुरक्षेचं प्रशिक्षण देणं बंधनकारक झालं. आता प्रशिक्षणाला वेळ लागतो, पैसा लागतो. पोस्टरला चार टाचण्या पुरतात! आणि पोस्टरवर गुन्हेगार कायम एकच, खुर्चीत बसलेला बिचारा माणूस.

मे २००० मधला ‘आय लव्ह यू’ व्हायरस घ्या. अनोळखी माणसाने पाठवलेली अटॅचमेंट उघडू नका, हा तेव्हाचा ठरलेला उपदेश. पण ही मेल यायची ओळखीच्याच माणसाकडून! व्हायरस त्याच्या ॲड्रेस बुकातल्या सगळ्यांना स्वतःच मेल धाडायचा. शिवाय फाइलच्या नावातलं शेवटचं ‘.व्हीबीएस’ विंडोज आपणहून लपवायचं, म्हणजे दिसायची साधी टेक्स्ट फाइल. आता चूक कोणाची? विंडोजवाल्यांच्या नावाने निघालेलं पोस्टर मला तरी दिसलं नाही.

‘वारंवार बदला’चीही तीच गत. सक्ती केली की माणूस शेवटचा आकडा तेवढा वाढवतो. अमेरिकेतली मानकं ठरवणाऱ्या ‘निस्ट’ने २०१७ मध्ये सांगून टाकलं, की पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच बदलायला लावा, उगाच मुदती घालू नका. ‘निस्ट’ची २००३ ची मूळ नियमावली लिहिणाऱ्या बिल बर यांनी त्याच वर्षी, आपलं चुकलं, अशी कबुली दिली.

मी डिप्लोमाला असताना आमच्या लॅबमधल्या काकांकडे सहा पासवर्ड होते आणि दर महिन्याला सहाही नवे. काकांनी ते कागदावर लिहून कीबोर्डखाली ठेवले. कागद सापडला. सगळ्या बॅचसमोर त्यांना झापलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच टेबलामागे पोस्टर लागलं. सगळ्यांबरोबर मीही हसलो होतो. एका माणसाने दर महिन्याला सहा नवे पासवर्ड कसे लक्षात ठेवायचे, हे झापणाऱ्यांनाही सुचलं नाही आणि मलाही नाही.

आपल्या लॅबमध्ये पोस्टर लावायचं ठरलं तर मी काढून देतो, फुकट. मजकूर एवढाच: ‘पासवर्ड विसरलात? चुकीच्या लिंकवर क्लिक केलंत? लगेच येऊन सांगा, कोणी ओरडणार नाही.’ खाली ॲडमिन सरांची सही हवी. चित्र चड्डीचंच ठेवू.