मागून उघडायचं पुस्तक

"काका, लिनक्सचं एखादं चांगलं पुस्तक सांगा ना." कॉलेजं सुरू झाली की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. मी उलट विचारतो, "वाचायला हवंय की शोधायला?"

वाचायची पुस्तकं वेगळी. सिल्बरशाट्झ आणि मंडळींचं मुखपृष्ठावर डायनोसॉर असलेलं 'ऑपरेटिंग सिस्टिम कन्सेप्ट्स' घ्या, नाहीतर टॅननबॉमचं 'मॉडर्न ऑपरेटिंग सिस्टिम्स'. परीक्षेला हीच लागतात आणि लागावीतही. दोन प्रोसेस एकमेकींची वाट बघत कायमच्या कशा अडकून पडतात, हे त्यांच्याइतकं नीट कुणी समजावत नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हरची डिस्क भरली, तर जागा कुणी खाल्ली हे त्यांत शोधू नये. ते त्यांचं कामच नाही. अशा वेळी हाताशी लागतं ते संदर्भाचं पुस्तक, आणि ते निवडायची रीत निराळी आहे.

दुकानात ते मागून उघडायचं. पुढची अनुक्रमणिका लेखकाच्या सोयीची असते. वाचकाची सोय कितपत पाहिली आहे, हे मागची सूची सांगते. घरून निघताना आपल्याला खरोखर आलेल्या दोन-तीन अडचणी लक्षात ठेवाव्यात आणि सूचीत त्या हुडकाव्यात. डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या 'डीएफ' आणि 'डीयू' या कमांड तर बहुतेक सूचींत मिळतील. 'डिस्क भरली' अशा अर्थाची नोंद आहे का, ते बघा. ज्याला कमांडचं नाव माहीत आहे, त्याचं अर्धं काम झालेलंच असतं. अडतं ते नाव माहीत नसलेल्याचं, आणि नुसत्या कमांडच्या नावांची यादी देणारी सूची नेमकं त्यालाच वाऱ्यावर सोडते. हजार पानांच्या पुस्तकाला चार पानांची सूची दिसली, तर किंमतही विचारू नये.

लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं, ते युनिक्स बनवणाऱ्यांना ही गरज फार लवकर कळली होती. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी लिहिलेल्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रत्येक कमांडच्या पानाचा साचा ठरलेला: नाव, वापरायची पद्धत, वर्णन, संबंधित फाइली, 'हेही पाहा', 'बग्ज' वगैरे. आपल्याच प्रोग्रॅममध्ये काय बिघडतं, हे बनवणाऱ्यानेच 'बग्ज'खाली लिहून ठेवायचं. विकायच्या वस्तूबरोबरच्या माहितीपत्रकात असा रकाना आजही क्वचित दिसेल! पुढच्या छापील आवृत्त्यांना एक वेगळी सूची जोडली जाऊ लागली. कमांडचं एका ओळीचं वर्णन घ्यायचं आणि त्यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाखाली ती ओळ पुन्हा छापायची. म्हणजे नाव आठवलं नाही, तरी कामाच्या शब्दावरून कमांड सापडावी. आज लिनक्सवर मॅन्युअलची पानं दाखवणाऱ्या 'मॅन' कमांडला 'के'चा पर्याय जोडला की तेच घडतं. ही 'मॅन'ची पानं फुकट आहेत, इंटरनेट नसतानाही उघडतात आणि सहसा तुमच्या मशीनवर आहे त्याच आवृत्तीबद्दल बोलतात. मात्र ती नवख्यासाठी लिहिलेलीच नाहीत. 'बॅश'चं पान पहिल्यांदा उघडणारा मुलगा पुन्हा तिकडे फिरकत नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. पुस्तकाला जागा आहे ती इथे.

सूचीनंतर साल बघा. पण नवं ते चांगलं असा सरसकट हिशेब इथे चालत नाही, कारण या विषयाचे सगळे भाग सारख्या वेगाने जुने होत नाहीत. फाइलींच्या परवानग्या, पाइप, 'ग्रेप', 'सॉर्ट', शेलचे लूप यांत फारसा बदल नाही. कर्निहन आणि पाइक यांचं १९८४ चं 'द युनिक्स प्रोग्रॅमिंग एन्व्हायर्नमेंट' आजही हाताशी ठेवून काम करता येतं. मशीन सुरू होताना काय घडतं आणि नेटवर्क कसं लावायचं, ही प्रकरणं मात्र पार बदलली. रेड हॅटच्या सातव्या एंटरप्राइज आवृत्तीने २०१४ मध्ये आणि डेबियनच्या आठव्या आवृत्तीने २०१५ मध्ये 'सिस्टिमडी' स्वीकारलं आणि जुन्या 'इनिट' स्क्रिप्टांची सद्दी संपली. 'आयएफकॉन्फिग'ची जागा 'आयपी'ने घेतली, 'नेटस्टॅट'ची 'एसएस'ने. म्हणून सूचीत 'सिस्टिमडी'ची 'सिस्टिमसीटीएल' ही कमांड नसलेलं सर्व्हर सांभाळायचं पुस्तक, मुखपृष्ठ कितीही चकचकीत असो, जागेवर ठेवून द्यावं. विंडोजच्या चित्रमय पुस्तकांचं तर विचारूच नका. अकराव्या आवृत्तीत स्टार्टचं बटण डावीकडून मधे आलं आणि शेकडो चित्रं एका दिवसात खोटी ठरली.

जुन्या पुस्तकांच्या बाजारात ही समज पैसे वाचवते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फाउंटनच्या फूटपाथवर कर्निहन-पाइक स्वस्तात दिसलं, तर डोळे झाकून घ्या. सुमिताभ दास यांचं 'युनिक्स: कन्सेप्ट्स अँड अॅप्लिकेशन्स' आणि आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग' ही पुस्तकंही शेल शिकायला घ्यावीत. कानेटकरांचं इंग्रजी आपल्याकडच्या मुलाला अडवत नाही, हा त्यांचा मोठा गुण. परदेशी लेखकांचे विनोद समजून घेण्यात ज्यांची संध्याकाळ गेली आहे, त्यांना तो पटेल. त्याच ढिगातलं सर्व्हरचं वीस वर्षांपूर्वीचं जाडजूड 'बायबल' मात्र फुकट मिळालं तरी घरी आणू नका.

आता नावं. नवख्याने विल्यम शॉट्स यांच्या 'द लिनक्स कमांड लाइन'पासून सुरुवात करावी. लेखकानेच त्याची पीडीएफ मोफत दिली आहे, तेव्हा आधी ती चाळावी आणि मग छापील प्रत घ्यायची की नाही ते ठरवावं. रोजच्या कामाला डॅनियल बॅरेट यांचं 'लिनक्स पॉकेट गाइड' पुरतं. कमांड कामांनुसार लावलेल्या असल्याने नाव माहीत नसलं तरी निभावतं. सी मध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी मायकेल केरिस्क यांचं 'द लिनक्स प्रोग्रॅमिंग इंटरफेस', दीड हजार पानांचं. 'मॅन'च्या पानांचा प्रकल्प वर्षानुवर्षं सांभाळलेला हा माणूस, त्यामुळे त्याची सूची अर्थातच उत्तम.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना मात्र मी एकच नाव सांगतो: एव्ही नेमेथ आणि सहकाऱ्यांचं 'युनिक्स अँड लिनक्स सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेशन हँडबुक'. पहिली आवृत्ती १९८९ ची, पाचवी २०१७ ची. एकाच कामाला चार साधनं असतील, तर त्यातलं कुठलं घ्या आणि कुठलं टाळा हे लेखक स्पष्ट सांगतात. मत द्यायला कचरत नाहीत. संदर्भग्रंथात मला हा गुण सूचीखालोखाल महत्त्वाचा वाटतो. नेमेथबाई २०१३ मध्ये न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे शिडाच्या जहाजातून निघाल्या आणि टास्मान समुद्रात बेपत्ता झाल्या. पाचवी आवृत्ती सहकाऱ्यांनी त्यांच्यामागे पूर्ण केली.

मोबाइलवर विचारलं की क्षणात उत्तर मिळतं, मग हे ओझं कशाला, असं कुणी म्हणेल. एखाद्या एररच्या संदेशाचा अर्थ हवा असेल तर मोबाइलच बरा, मीही तेच करतो. पण तिथे विचारलं तेवढंच मिळतं आणि ते उत्तर कुठल्या सालचं, कुठल्या आवृत्तीचं, याचा पत्ता बऱ्याचदा लागत नाही. पुस्तकात 'डीयू' शोधताना शेजारी 'डीएफ' दिसते, दोघींचे आकडे कधीकधी का जुळत नाहीत याची टीपही दिसते. डिलीट केलेली फाइल एखाद्या चालू प्रोग्रॅमने धरून ठेवली असेल तर जागा मोकळी होत नाही, हे विचारायचं मुळात सुचलंच नसतं.

तेव्हा या रविवारी दुकानात जाणार असाल तर आपल्या अडचणी कागदावर लिहून न्या आणि पुस्तक शेवटच्या पानाकडून उघडा. एकही अडचण सूचीत सापडली नाही, तर दुकानदार कितीही आग्रह करो, ते घेऊ नका.