बोलकी आणि अबोल

नागपूरकर अबोल असतो, असा आरोप त्याच्या वैऱ्यानेही कधी केला नसेल. पानठेल्यावर उभा राहिला की तो मराठीत सुरू होतो आणि हिंदीत रंगतो. १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. दोन भाषांचा शेजार आमच्या मुलांच्या अंगवळणी पडला आहे. तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांशी पडद्यावरून बोलणे हा त्यांच्या हातचा मळ, असे कुणालाही वाटेल.

असे शिक्षण आता बऱ्याच देशांत चालते. स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने त्यासाठी २००६ साली स्वतंत्र केंद्र काढले. दोन देशांतले वर्ग मिळून एखादे काम करतात, एकमेकांच्या चालीरीती समजून घेतात. साने गुरुजींचे आंतरभारतीचे स्वप्न याच जातीचे होते.

मात्र मुले निवडायची वेळ आली की प्राध्यापकांचे बोट आपोआप चुरूचुरू बोलणाऱ्यांकडे वळते. अंतर्मुख आणि बहिर्मुख हा भेद युंगने १९२१ साली मांडला. आजचे मानसशास्त्र पाच गोष्टी पाहते: बहिर्मुखता, नव्याची ओढ, नेटकेपणा, मनमिळाऊपणा आणि मनाची चलबिचल. बोलकेपणा त्यांतल्या एकीचा केवळ एक भाग!

माझ्या वर्गात काय दिसते, सांगू? बोलका मुलगा पहिल्याच दिवशी पडदा जिंकतो. तर्री-पोहे, पोळा, मारबत, सारे सांगून टाकतो. समोरच्याच्या घरी काय चालते, हे विचारायचे तेवढे राहते. मागच्या बाकावरची मुलगी पडद्यासमोर ओठ उघडत नाही. पण लेखी उत्तराला दोन दिवसांची सवड मिळाली, की असा नेमका प्रश्न विचारते, की पलीकडचा पानभर लिहितो.

शिवाय सगळेच मौन स्वभावातून येत नाही. न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात, तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. खेड्यातून येणाऱ्या मुलीची एस. टी. तोवर निघून गेलेली असते. तिला 'बुजरी' ठरवून वगळले, तर जग पाहण्याची तिची एकुलती एक खिडकी बंद होते.

म्हणून बोलण्याइतकीच लिहिण्यालाही जागा द्यावी, आणि विचारलेल्या प्रश्नांनाही गुण असावेत.

आणि आईबापहो, या दिवाळीत पाहुण्यांसमोर "आमची काही बोलतच नाही हो!" असे म्हणू नका. ती ऐकत असते. दोन माणसांच्या ओळखीत एकाने तरी ऐकावे लागतेच.