प्रयोग केला कोणी?

सबमिशनचा आठवडा आला की होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एकच भाषा सुरू होते. ‘द कनेक्शन्स वेअर मेड’, ‘द रीडिंग्ज वेअर टेकन’, ‘द ग्राफ वॉज प्लॉटेड’. मेकॅनिकल असो, सिव्हिल असो की कॉम्प्युटर, फाईलचं कव्हर तेवढं वेगळं, आतली वाक्यं तीच. या सगळ्या वाक्यांत एक गोष्ट मात्र कुठेच सापडत नाही : माणूस!

गंमत बघा, मराठीत ‘प्रयोग’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक लॅबमधला, दुसरा व्याकरणातला. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या जर्नल्समध्ये हा व्याकरणातला प्रयोग लॅबमधल्या प्रयोगाला झाकून टाकतो.

पॅसिव्ह व्हॉइसशी आपली ओळख झाली ती शाळेत, ‘चेंज द व्हॉइस’ या प्रश्नातून. राम आंबा खातो, मग आंबा रामाकडून खाल्ला जातो. मार्क पडले, विषय संपला. हे असं का बोलायचं, कधी बोलायचं, हे फारसं कोणी सांगितलं नाही. मग इंजिनिअरिंगला आल्यावर सीनिअर सांगतो, ‘फॉर्मल इंग्लिश म्हणजे पॅसिव्ह’, आणि आपण सगळ्याच क्रियापदांना ‘वॉज’ लावत सुटतो. ‘एरर वॉज ऑकर्ड’ हे वाक्य प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये किती वेळा दिसतं! अहो, ‘ऑकर’ला कर्मच नाही, तर त्याचा पॅसिव्ह होणार कसा? एरर नुसतीच ‘ऑकर्ड’. तिथे ‘वॉज’ला काही कामच नाही.

आता पॅसिव्हची बाजूही ऐकून घेऊ, कारण ती खोटी नाही. शास्त्रातला प्रयोग कोणीही केला तरी उत्तर तेच यायला हवं. काँक्रीटचे क्यूब 28 दिवस पाण्यात ठेवले, एवढं सांगितलं की पुरे. ते टॉपरने ठेवले की लॅब असिस्टंटने, यावर त्यांची स्ट्रेंग्थ ठरत नाही. अशा ठिकाणी लक्ष क्यूबवर हवं, ठेवणाऱ्यावर नको. म्हणून ‘प्रोसीजर’मध्ये पॅसिव्ह शोभतो. तिथे दर वाक्याला ‘आय’ आला तर रिपोर्ट कमी आणि आत्मचरित्र जास्त वाटेल.

घोळ होतो तो पुढे. ‘वन रीडिंग वॉज निग्लेक्टेड.’ कोणी निग्लेक्ट केलं? का केलं? ते खरंच चुकीचं होतं, की ग्राफ सरळ येईना म्हणून उडवलं? ‘सूटेबल व्हॅल्यू वॉज अझ्यूम्ड.’ कोणी धरली ती व्हॅल्यू, आणि कशाच्या आधारावर? क्यूब पाण्यात ठेवणं ही कृती झाली, पण रीडिंग गाळणं हा निर्णय आहे. कृतीला कर्ता नसला तरी चालतं. निर्णयाला कर्ता लागतोच, कारण उद्या त्याचा जाब कोणीतरी द्यायचा असतो.

आपल्या आईला हे व्याकरण न शिकताच कळतं. घरात आवाज झाला की पोरगं म्हणतं, ‘कप फुटला’. ‘मी फोडला’ असं कधी म्हणत नाही! मग आई विचारते, ‘आपोआप फुटला का?’ जानेवारी 1987 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी इराणला शस्त्रं विकण्याच्या प्रकरणावर संसदेपुढे बोलताना गंभीर चुका झाल्याचं मान्य केलं. चुका ‘झाल्या’ होत्या, ‘केल्या’ मात्र कोणी नव्हत्या. कप फुटला होता, इतकंच.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच व्यवसायातलं आहे. चॅलेंजर यानाच्या बूस्टरचे सांधे ज्या ओ-रिंगने सीलबंद केले जात, त्या धोकादायक आहेत हे मॉर्टन थायोकॉल कंपनीतले इंजिनिअर रॉजर बोजोले यांनी 31 जुलै 1985 च्या मेमोत वरिष्ठांना लिहून कळवलं होतं. ‘भीती व्यक्त करण्यात येते’ अशी भाषा त्यांनी वापरली नाही. ही माझी प्रामाणिक भीती आहे, आपण ताबडतोब पावलं उचलली नाहीत तर यान गमावू, असा त्या मेमोचा सूर होता. त्यांचं ऐकलं गेलं नाही. 28 जानेवारी 1986 च्या कडाक्याच्या थंडीत चॅलेंजर उडालं आणि 73 सेकंदांत नष्ट झालं. सात जण गेले. पण कोणाला काय दिसलं होतं आणि कोणी काय सांगितलं होतं, हे कागदावर राहिलं, कारण त्या कागदावर ‘मी’ होता.

‘पण रिसर्च पेपरमध्ये आय आणि वी चालत नाही ना?’ असं विचाराल, तर न्यूटनने 1672 मध्ये रॉयल सोसायटीला प्रकाश आणि रंगांबद्दल पत्र लिहिलं ते सरळ ‘आय’ वापरून. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा 1953 चा पेपर ‘वी’ या शब्दानेच सुरू होतो. तो ज्या ‘नेचर’मध्ये छापला गेला, ते जर्नल आजही लेखकांनी ॲक्टिव्ह व्हॉइस वापरण्याला पसंती देतं. मग आपलं तिसऱ्या सेमिस्टरचं जर्नल याहून जास्त फॉर्मल आहे का?

खरं तर मराठीने हा प्रश्न छान सोडवलाय. ‘आम्ही रीडिंग घेतलं’ हा व्याकरणाने कर्मणी प्रयोगच, पण कर्ता वाक्यात हजर! कर्ता गायब करणारं मराठी आलं ते कचेरीतून. ‘गरम पाणी बंद ठेवण्यात येत आहे’ ही नोटीस वाचून कोणाकडे तक्रार करायची ते कोणालाच कळत नाही. नोटीस लिहिणाऱ्याला तेच तर हवं असतं.

कॉपीचंही तसंच आहे. ज्या वाक्यात माणूस नाही, ते कोणाच्याही फाईलमध्ये बसतं. म्हणून तर एकच राईट-अप बॅचमागून बॅच फिरत राहतो. चौघांच्या प्रोजेक्टमध्ये दोघेच राबले, तरी ‘सिम्युलेशन वॉज कॅरीड आऊट’ या वाक्यात चौघांनाही सारखी जागा मिळते!

म्हणून मित्रांनो, साधा नियम करूया. हात चालले तिथे पॅसिव्ह, डोकं चाललं तिथे ‘वी’. काय धरलं, काय गाळलं, काय निष्कर्ष काढला, हे आपल्या नावाने लिहायचं. आणि सर-मॅडमना विनंती, की अशा ‘वी’वर लाल रेघ मारू नका. उलट व्हायवाला तोच धागा पकडून विचारा, ‘यातलं तू काय केलंस?’ ज्याने केलंय त्याला बोलायला आवडेल, आणि ज्याने नाही केलं त्याला निदान ‘वॉज’च्या मागे लपता येणार नाही.

वर्गात आपली 75 टक्के हजेरी लागते. वाक्यात कर्त्याची निम्मी तरी लागू द्या!