न्यायासनावर जमीनदार

सॅम्युअल मार्सडेन १७९४ साली इंग्लंडहून न्यू साउथ वेल्सच्या वसाहतीत आला तो धर्मोपदेशक म्हणून. लवकरच तो पॅरामॅटाचा दंडाधिकारी आणि बडा जमीनदार झाला. १८२७ पर्यंत त्याची जमीन ५,००० एकरांवर गेली. पॅरामॅटाची भूमी मुळात धारुग लोकांची. तीवर राबले ते सक्तमजुरीचे कैदी. १८०० साली, लपविलेल्या भाल्यांचा ठाव काढण्यासाठी, पॅडी गॅल्विन या आयरिश कैद्याला फटके मारण्यात आले, ते मार्सडेनच्याच हुकमाने. गॅल्विन बोलला नाही.

मार्सडेनला केवळ क्रूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु कैद्यांच्या श्रमांवर संपन्न होणारा मालकच जेथे त्यांचा न्यायाधीश असतो, तेथे चाबूक हेच उत्पादनाचे साधन बनते. १८२२ मध्ये त्याचे दंडाधिकारपद गेले. जमीन मात्र राहिली, वाढलीही. सत्तेचे मूळ कोठे होते, हे निराळे सांगावयास नको.